मिठाची वाटणी

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मॅडम राहतात. कॉलेजात शिकवतात. मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी त्या विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आमच्याकडे आल्या. "काका, यात माझा पेपर आहे. सावकाश वाचा, घाई नाही." निवृत्त माणसाला कसली घाई नसते, अशी आमच्या इमारतीत वॉचमनपासून सगळ्यांची समजूत आहे. पाण्याच्या टँकरवाल्याला फोन करायचं काम त्यामुळेच माझ्याकडे असतं.

पुस्तक म्हणजे कुठल्याशा बहुविद्याशाखीय परिषदेत वाचलेल्या निबंधांचा गठ्ठा. मी अनुक्रमणिका पाहिली आणि चष्मा पुसून परत पाहिली. आधी जाहिरात-फलकांची रचना. हा मॅडमचा निबंध. त्याच्या पाठीला पाठ लावून पारंपरिक वस्त्रं. मग प्लाझ्माचं भौतिकशास्त्र. आणि सगळ्यात शेवटी समुद्राच्या पाण्याचं रसायन. एका पानावर पदरावरचा मोर संपतो आणि पान उलटलं की इलेक्ट्रॉनचं तापमान सुरू होतं. मोरही दचकला असेल.

भाईंदरच्या माणसाला खरं तर याचं नवल वाटू नये. गाडीतला बाक तिघांचा, बसतात चौघं. चौथा अर्धा बाहेर लोंबकळतो, एक पाय वाटेत, एक हात वरच्या कडीला, आणि तरी तो बसलेलाच धरला जातो. या पुस्तकात समुद्राचं रसायन चौथ्या सीटवर होतं. पानं पुरली नसावीत. त्याचे तक्ते इतके बारीक छापले होते की मला टपाल तिकिटं बघायचं जुनं भिंग शोधावं लागलं.

शिक्षकांना तरी काय बोलायचं? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आणली, तेव्हापासून पेपर मोजले जाऊ लागले. वाचायचं बंधन कुणावर नव्हतं. ते माझ्यासारख्यावर आलं.

"हे काय, किराणा मालाची यादी?" हिने माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मोरीत गेली. नवीन इरकल पहिल्यांदा भिजवायचं होतं. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अहो, मूठभर मीठ घालू की दोन?"

हा प्रश्न तिने मला विचारणं रास्तच होतं. चौतीस वर्षं मी भाईंदरहून तारापूरला एका रंगांच्या कारखान्यात गेलो, प्रयोगशाळेत. रंग आणि मीठ यांचं नातं मला तोंडपाठ आहे. सुती धागा पाण्यात पडला की त्याच्या अंगावर ऋण भार येतो. रंगाचा कणही ऋणच. सख्ख्या भावांचं जमिनीवरून बिनसावं तसे दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मिठातला सोडियम मध्ये पडतो, दोघांचा ताठा थोडा झाकतो, आणि रंग हळूच धाग्याला जाऊन टेकतो. गडद छटा हवी असेल तर आम्ही लिटरमागे साठ-ऐंशी ग्रॅम मीठ घालायचो. समुद्राच्या पाण्यात असतं पस्तीसच्या आसपास. म्हणजे रंगाऱ्याचं भांडं समुद्राच्या दुप्पट खारट.

पण हे सगळं रंग चढत असताना. कापड रंगून, विकून, घरी आल्यावर बादलीत मीठ टाकणं म्हणजे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने पाच वर्षांनी "सगळं ठीक ना?" म्हणून चौकशीला येणं. अगदीच निरुपयोगी नाही, पण त्याच्यावाचून काही अडलेलंही नसतं. हे मी हिला आजवर सांगितलेलं नाही. "दोन घाल," म्हटलं.

आणि मग लक्षात आलं की पुस्तकातला दुसरा आणि चौथा निबंध आमच्या मोरीत एकाच बादलीत भिजत पडलाय.

मिठाचं रिकामं पाकीट ओट्यावर पडलं होतं. मी ते उचललं. माणूस निवृत्त झाला की पाकिटंही वाचतो. पॉलिथिनवर छपाई करणं हा मोठा त्रासाचा धंदा आहे. शाई त्यावर थांबतच नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी घरंगळते. म्हणून छापण्याआधी ती फिल्म विजेच्या जांभळट झगमगाटाखालून नेतात. हवेचे रेणू फुटतात, त्यातले तुकडे पॉलिथिनच्या पृष्ठभागावर आदळतात, पृष्ठभाग जरासा बिघडतो, आणि बिघडल्यामुळेच शाईला धरून ठेवतो. हा झगमगाट म्हणजे प्लाझ्मा. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होऊन वायूच्या अंगात वीज खेळायला लागली की त्या अवस्थेला हे नाव. 1928 मध्ये आयर्विंग लँगम्यूर यांनी ते दिलं. रक्तपेशी वाहून नेणारा रक्तातला प्लाझ्मा त्यांच्या मनात होता, असं त्यांच्या एका सहकाऱ्याने लिहून ठेवलंय.

आमच्या पिढीला प्लाझ्मा शिकवायला कुणी लागत नाही. आम्ही तो स्टुलावर चढून ठोकून चालू केला आहे. ट्यूबलाइट म्हणजे पाऱ्याच्या विरळ वाफेतला प्लाझ्माच. तिच्या कडेचा तो अंगठ्याएवढा स्टार्टर, त्याच्या आतही एक चिमुकला प्लाझ्मा आधी उजळतो आणि थोरल्याला उठवतो. पावसाळ्यात व्होल्टेज पडलं की धाकटा बिचारा रात्रभर टिकटिक करत उठवत राही आणि थोरला कूस बदलून झोपे.

वस्त्रवाल्यांनीही या प्लाझ्माला घरात घेतलं आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेला सोबत घेऊन अंगोरा सशाच्या लोकरीवर त्याचा प्रयोग केला. ही लोकर इतकी मऊ आणि निसरडी की कातताना हातातून सुटते, कपड्यातून गळते. प्लाझ्माने तिला अंगभर सूक्ष्म ओरखडे दिले, तेव्हा कुठे धागा धाग्याला धरून राहू लागला. ज्या संस्थेत सूर्यासारखी ऊर्जा बाटलीत बंद करायचा उद्योग चालतो, तिथे कुणीतरी गंभीर चेहऱ्याने सशाचे केस तपासत बसलं होतं, ही कल्पना मला फार आवडते. त्या केसांवर निबंध लिहिणाऱ्याला कुठल्या अंकात जागा दिली असेल? माझ्या हातात होतं तसल्याच एखाद्या.

त्या दिवसापासून मी जरा बिथरलो. भाजी आणायला जाताना मिठागरांच्या बाजूने जायला लागलो.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात. ही मिठाची गावं. इथल्या आगरी लोकांच्या नावातला आगर आणि मिठागरातला आगर एकच मानतात. मिठाला इथे कारखान्याची भाषा नाही, शेतीची आहे. वाफे असतात, बांध असतात, आणि मीठ बनत नाही, पिकतं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात खेळवत न्यायचं. ऊन आणि वारा आपलं काम करतात. पाणी आटून निम्मं झालं की आधी चुना खाली बसायला लागतो. पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम. खरं मीठ यायला पाणी दहाव्या हिश्श्यावर यावं लागतं. पंचवीस डिग्री, असं आगरातली माणसं म्हणतात. ही डिग्री उन्हाची नव्हे, पाण्याच्या दाटपणाची. या सुमाराला पाण्यावर कधी कधी गुलाबी झाक येते. एवढ्या खारात जगणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांचा तो रंग. तीस डिग्रीच्या आत उरलेलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर मॅग्नेशियम मिठात उतरतं आणि मीठ कडू होतं.

मी प्रयोगशाळेत काचेच्या तरंगत्या नळीने हेच मोजायचो. इथे एक म्हातारे मामा पाण्यात बोट बुडवून, दोन बोटं एकमेकांवर घासून सांगतात, "आजून दोन दिस." मी दोनदा घरून नळी नेऊन ताडून पाहिलं. तिसऱ्यांदा नेली नाही. लाज वाटली.

समुद्राच्या रसायनातला माझा सगळ्यात लाडका माणूस विल्यम डिटमार. चॅलेंजर जहाज 1872 ते 1876 जगभर हिंडून आलं, त्याने आणलेले पाण्याचे 77 नमुने डिटमारने तपासले आणि 1884 मध्ये सांगून टाकलं: पाणी कुठल्याही महासागरातलं असो, खारटपणा कमी-जास्त होईल, पण त्यातल्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. वसईच्या खाडीत पावसाळ्यात उल्हास नदी गोडं पाणी ओतते तेव्हा होतं ते असंच. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात. आमटी पातळ होते, मसाला तोच राहतो. एका बाटलीमागे किती तास, त्याला 77 ने गुणा, आणि उत्तर काय तर सगळीकडे सारखंच आहे! आजच्या परिषदेत त्या बिचाऱ्याला "यात नवीन काय?" म्हणून कुणीतरी नक्की अडवलं असतं.

मॅडमचा निबंध मी शेवटी वाचला. शेजाऱ्याचं लिखाण माणूस भीतभीतच उघडतो. पण निबंध झकास होता. मीरा-भाईंदरातले वाढदिवसाचे फलक त्यांनी दोन वर्षं हिंडून टिपले होते. मध्यभागी उत्सवमूर्ती, हात जोडलेले. वरच्या पट्टीत मोठे नेते, त्यांचे चेहरे ताटलीएवढे. खाली शुभेच्छुक, वाटीएवढ्यापासून बटणाएवढ्यापर्यंत. कुणाचा चेहरा केवढा यावरून शहराच्या राजकारणातली कुणाची जागा कुठे हे त्यांनी मांडलं होतं, आणि वर्षभरात वाटीचं बटण झालेल्या दोघांची नोंद केली होती. रंगांवर तर वेगळं प्रकरण. कुठला पक्ष कुठली छटा घेतो, पार्श्वभूमीला सूर्योदय किती, वाघ किती.

त्यांनी फलकाची एक बाजू पाहिली होती. मी रंगवाला, मला मागची बाजू दिसते. फ्लेक्स उलटा करून बघा. उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी दिसेल. पॉलिएस्टरची, पण विणलेलीच. म्हणजे हेही वस्त्र. त्या जाळीवर दोन्हीकडून पीव्हीसीचा थर असतो. आणि पीव्हीसीत, निव्वळ पीव्हीसी घेतलं तर, निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं असतं. हा क्लोरीन येतो मिठातून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की तो वेगळा होतो.

मिठाची वाटणी झाली की क्लोरीन असा फ्लेक्सकडे गेला. सोडियमचा मोठा वाटा कॉस्टिक होऊन साबणाला, कागदाला लागला. थोडासा वितळलेल्या मिठातून धातू होऊन निघाला आणि काही वर्षं आमच्या रस्त्यांवर उभा होता. ते पिवळे दिवे आठवतात? काशिमिऱ्याच्या नाक्यापासून महामार्गावर रांगेने असत. सोडियमच्या वाफेतला प्लाझ्मा. वरून सोडियम प्रकाश टाकतोय आणि खाली खांबाला बांधलेला क्लोरीन हात जोडून उभा आहे. घटस्फोटित नवरा-बायको एकाच लग्नाच्या मांडवात समोरासमोर यावेत, तशी त्यांची भेट रोज रात्री होत असे. दोघंही काही बोलत नसत.

जिन्यात मॅडम भेटल्या तेव्हा मी विचारलं, "रात्रीचे फलक तपासलेत का?"

"का हो काका?"

"पिवळ्या दिव्याखाली भगवा, निळा, हिरवा काही कळायचं नाही. सगळे तपकिरी. रात्री नऊनंतर सगळे पक्ष एकाच रंगाचे. एलईडी आले आणि भांडणं परत दिसायला लागली."

मॅडम दोन पायऱ्यांवर थबकल्या. "अय्या, हे 'अभ्यासाच्या मर्यादा'मध्ये टाकता आलं असतं," त्या हळहळून म्हणाल्या.

मे संपत आला होता. पावसाळ्याचे सुके बोंबील आणायला मी उत्तनला निघालो होतो. मिठागरांपाशी बसमधून उतरलो, मामांना भेटून पुढची बस धरू म्हटलं. बांधावर मिठाचे ढीग लागले होते, पांढरे, कडेला मातीने मळलेले. पश्चिमेला आभाळ भरून आलेलं. मामा आणि एक पोरगा सगळ्यात मोठ्या ढिगावर काहीतरी पसरत होते. जवळ गेलो तर फ्लेक्स. चांगला वीस फुटी. वाढदिवसाचा. उत्सवमूर्ती मिठावर उताणी झोपलेली, हात आभाळाकडे जोडलेले, कडेने शुभेच्छुक उतारावर घसरत चाललेले. एका बटणाएवढ्या कार्यकर्त्याच्या तोंडावर मामांनी वाऱ्याने उडू नये म्हणून धोंडा ठेवला.

"काय मामा, साहेबांना कामाला लावलंत?"

मामा कमरेवर हात ठेवून दम खात उभे राहिले. "झाकाया बरं परतं. गेल्या सालचं सायब धा दिसात फाटलं, निम्मा मीठ वाहून गेलं." त्यांनी वाकून फ्लेक्सची कड दोन बोटांत धरली आणि पाण्याची डिग्री बघतात तशी घासून पाहिली. "यंदाचं जाड हाय."