नानांचा रकाना

महाडच्या बाजारपेठेत देणगी मागायला जाताना नानांना सोबत न्यायचं नाही, असा ठराव आमच्या समितीत दोनदा मंजूर झाला. इतिवृत्त नानाच लिहीत असल्यामुळे दोन्ही वेळा तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात गेला आणि तिथेच राहिला.

हार्डवेअरवाले शेठ पाच हजार रुपये मोजून हातात धरून उभे असतात. अशा वेळी पैसे घ्यावेत, पावती फाडावी, नमस्कार करावा आणि पुढचं दुकान गाठावं. नाना चष्मा वर सारतात आणि विचारतात, “शेठ, रकाना कुठला?”

“म्हणजे?”

“म्हणजे कार्यक्रमाला की कायम निधीला? तुमच्या नावानं की दुकानाच्या? प्रायोजक की देणगीदार? मागल्या साली तुम्ही हितचिंतकात होता.”

शेठ विचारात पडतात. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, नोटा पुन्हा गल्ल्यात जातात आणि आम्ही दुसऱ्याचे खिळे तोलले जाताना बघत उभे राहतो.

तुमच्याही संस्थेत असा एक असणार. नसेल, तर तुमचे हिशेब गेल्या वर्षीचे अजून लागलेले नसणार.

आमची संस्था लहान. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतल्या मुलांना वह्या, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, एक आरोग्य शिबिर आणि वर्षाकाठी एक मोठा कार्यक्रम. त्या कार्यक्रमाच्या बॅनरवरची भांडणं पुढच्या बॅनरपर्यंत पुरतात. निम्मे सभासद मुंबईला, उरलेले इथे, आणि देणगीदारांची यादी नानांच्या कॉम्प्युटरवर. नानांची उभी हयात एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. पिंप असो, गोणी असो, वायसर असो, प्रत्येकाला जागा आणि प्रत्येक जागेला बिन कार्ड. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तेव्हा ते कुठल्या खात्यातून निघालं याची चौकशी करूनच नाना घरी आले म्हणतात.

प्रायोजकांच्या वर्गवारीचं खूळ मुळात नानांचं नव्हे. ते आणलं मुंबईच्या पोरांनी. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ. पहिल्याच वर्षी ब्रॉन्झवाले खवळले, “आम्ही काय भांडी आहोत?” म्हणून दुसऱ्या वर्षी किल्ल्यांची नावं ठेवली. रायगड सर्वात वर, यावर दोन्ही तालुक्यांत एकमत. त्याखाली प्रतापगड म्हटल्यावर एकानं शंका काढली, की तो तर सातारा जिल्ह्यात जातो, बाहेरचा किल्ला वर कसा? पोलादपूरकरांनी चंद्रगडासाठी हट्ट धरला. पाच हजारांचा गट लिंगाणा ठरला, तर एक कंत्राटदार म्हणाले, लिंगाण्यावर मला नका चढवू, उतरता येत नाही. महिला बचत गटांचं ‘हिरकणी’ तेवढं बिनविरोध.

प्रत्येक वर्षीची नावं प्रत्येकानं आपापल्या परीनं टाईप केलेली. कुठे ‘प्लॅटिनम’, कुठे ‘प्लॅटीनम’, कुठे ‘प्लॅटिनम’ लिहून पुढे एक स्पेस. डोळ्यांना एकच दिसतं, कॉम्प्युटर तीन मोजतो. प्लॅटिनमच्या त्या पहिल्या वर्षी बेरजेत आमचा एकच प्लॅटिनम प्रायोजक निघाला आणि बाकीच्यांना आभाराची पत्रंच गेली नाहीत. त्यातल्या एकानं हे अजून लक्षात ठेवलं आहे आणि प्रत्येक लग्नात भेटला की काढतो.

तेव्हा नानांनी यादी ताब्यात घेतली. “माल बदलतो, बिन नंबर बदलत नाही,” म्हणाले. नावं काय हवी ती ठेवा, दर साल बारसं करा, पण गटाला आकडा एकच. सर्वात वरचा १०, मग २०, ३०, ४०. मधले आकडे मोकळे का, असं विचारलं तर म्हणाले, “माणसं मधे घुसतातच.” टाईप करायची सोयच बंद केली, यादीतून निवडायचं, पटत नसेल तर नानांना फोन करायचा. रक्कम एका रकान्यात, वर्ष दुसऱ्यात, मान तिसऱ्यात. देणगी कुणाच्या शब्दावर आली तो चौथा, कारण देणारा दुबईत असतो आणि श्रेय हवं असतं पोलादपूरच्या मेव्हण्याला.

माणसं मधे घुसलीच. २० आणि ३० यांच्यामध्ये २५ आला. मग २७. मग २७-अ, ज्यात एकच गृहस्थ आहेत: त्यांची रक्कम चाळिसातली, पण धाकटा भाऊ तिसात, आणि धाकट्याच्या खाली नाव लागलं तर घरात चूल वेगळी होईल.

आम्ही हसतो खरे, पण हा गुंता काही कॉम्प्युटरनं आणलेला नाही. महाशिवरात्रीनंतर वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या महाडात येतात. तिथे कुणाचा मान कधी, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं, आणि एक नारळ मागेपुढे झाला तर त्याची आठवण नातवाला सांगितली जाते. आमच्या बॅनरवर मान विकत मिळतो, एवढाच फरक. शिवाय हप्त्यानं मिळतो.

नानांचा सर्वात आवडता रकाना मात्र ‘जाहीर’. त्याच्या शेजारी ‘जमा’. स्टेजवर माइक हातात आला की माणसाचं काय होतं कोण जाणे. “माझ्यातर्फे अकरा हजार!” टाळ्या. “माझ्यातर्फे एकवीस!” आणखी टाळ्या. नाना कोपऱ्यात बसून ‘जाहीर’मध्ये आकडे लिहितात, ‘जमा’ कोरा ठेवतात आणि चहा पितात. काही मान्यवरांचा ‘जाहीर’ गेल्या दोन निवडणुकांपासून वाढत चालला आहे. समितीच्या सभेत नाना ही दोन्ही बेरजा एकापाठोपाठ वाचतात, चेहऱ्यावरची रेघही हलू न देता.

त्यातून आयकराचं आलं. २०२१-२२ पासून ८०जीच्या सवलतीच्या देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं ठरलं. रोख दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत नाही, हे त्याआधीच आलेलं. नाना आनंदले: सरकारलाही रकाने कळतात! मग देणगीच्या प्रकारांत कायम निधी, विशिष्ट कामासाठी अनुदान आणि इतर एवढेच पर्याय बघून खट्टू झाले. “इतर? लोकांना ‘इतर’ म्हणायचं?”

जीएसटीचं ११ ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक तर त्यांना तोंडपाठ. त्यात उदाहरणादाखल कुणी राजेश आहेत, ज्यांच्या शुभेच्छा त्यांनी दिलेल्या डिजिटल फळ्याखाली छापल्या आहेत, आणि एक मालतीदेवी, ज्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ देवळातली खोली बांधून दिली. नुसतं कृतज्ञतेनं नाव लावलं, धंद्याची जाहिरात नसली, तर कर नाही. नाना या दोघांविषयी शेजारच्या आळीतले असल्यासारखे बोलतात. हार्डवेअरवाल्या शेठच्या नावाखालचं ‘घरपोच सेवा मिळेल’ खोडताना म्हणाले, “मालतीदेवींनी लिहिलं होतं का घरपोच सेवा?” शेठ आजही आम्हाला विचारतात, या मालतीबाई कोण, आणि त्यांनी किती दिले.

नानांच्या घरी काकूंनी आम्हाला लाडू दिले तर नाना आतून ओरडतात, “वस्तुरूप!” साउंडवाल्यानं बिलातले तीन हजार सोडले, तर ती देणगी की सवलत, यावर एक रविवार गेला. माणूस वैताग आणतो, यात दुमत नाही.

पण जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच पावसात २२ तारखेला तळीये गावावर दरड आली. पाणी ओसरल्यावर सगळ्या घरांत चिखल, आणि मग मदतीच्या गाड्या. पाण्याच्या बाटल्या, चादरी, बिस्किटं, फावडी, खराटे. नानांच्या स्वतःच्या घरात गाळ होता आणि नाना एका ओट्यावर वही घेऊन बसलेले. प्रत्येक गाडीला तोच प्रश्न: नाव? गाव? काय आणलं? कुणी रागावले, कुणी हसले. टेम्पो घेऊन आलेली काही पोरं म्हणाली, “काका, नाव नका लिहू,” आणि माल उतरवून हातात फावडी घेऊन कुणाच्या तरी घरात शिरली. अशा गाड्या बऱ्याच आल्या.

पुढे यादीत नवा गट दिसला: ०५, ‘नाव सांगितलं नाही’. दहाच्याही वरचा. आमचे सीए म्हणाले, नाना, हे काढा. निनावी देणगीवर मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो. नाना म्हणाले, “बाटल्यांवर ३० टक्के? तेव्हा यायचं होतं, जागेवर मोजून दिल्या असत्या.” शेवटी सीएंनी वस्तुरूपाची वेगळी नोंद मान्य केली. आकडा मात्र ०५ च राहिला. त्या दिवसापासून नानांना बाजारपेठेत न नेण्याचा ठराव पुन्हा कुणी मांडला नाही. एवढंच म्हणेन, जास्त नाही.

मग पुढच्या कार्यक्रमाला बॅनरवाल्या पोरानं नानांची यादी उचलली, क्रमानं लावली आणि छापली. स्टेजवर सगळ्यात वर, सगळ्यात ठळक अक्षरांत: ‘मुख्य प्रायोजक: नाव सांगितलं नाही’. त्याखाली, अर्ध्या आकारात, दहाचे सगळे. मुख्य पाहुणे, ज्यांचा ‘जाहीर’ सर्वात लांब आहे, बराच वेळ वर बघत होते. शेवटी नानांकडे वाकून म्हणाले, “किती दिले हो यांनी?”

“यांची रक्कम ‘जमा’च्या रकान्यात आहे साहेब. तुमची ‘जाहीर’मध्ये.”

कार्यक्रम संपल्यावर दोन गृहस्थ वेगवेगळे येऊन नानांना बाजूला घेऊन सांगून गेले, की ते नाव न सांगणारे म्हणजे आपणच. पुढच्या वर्षी नाव टाकलंत तरी चालेल. नानांनी दोघांनाही खुर्ची दिली, चष्मा वर सारला, आणि गाडीचा नंबर विचारला.