उजेड पडला, पोट नाही

मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा इथे उजेडाची टंचाई आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. तरीही वजन उतरवायला ‘प्रकाशोपचार’ घ्यायचा, तो पडदे ओढून, एसी लावून, पैसे मोजून! उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्य तोंड लपवतो; तिथल्या उदासीवर दहा हजार लक्सचा दिवा वापरतात. आपल्याकडे भर दुपारी सूर्य लाखभर लक्स डोक्यावर ओततो, तोही फुकट. धुळ्याच्या साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला, त्यावर 125 मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा आहे. नुसत्या उजेडानं चरबी वितळली असती, तर खानदेशात एकही ढेरी शिल्लक राहिली नसती.

लाल लेझरचं यंत्र कमरेचे इंच कमी करतं, अशी जाहिरात. किलोचं नाव नाही. टेप खूश, काटा जैसे थे! शिवाय खाली बारीक अक्षरांत: ‘सोबत आहार सांभाळावा.’ म्हणजे शेवभाजीची तर्री सोडायची आपण, बट्टीवरचं तूप नाकारायचं आपण, आणि श्रेय दिव्याला.

“काय भो, उतरलं का?” कट्ट्यावर चौकशी झाली.

“उतरलं ना, पाकीट!”

केळीच्या बागेत घड वाहणारा गडी मात्र सडपातळ असतो. त्याची चरबी उन्हानं खाल्ली की खांद्यावरच्या घडानं, हे सांगायला यंत्र लागत नाही. त्या उपचाराचं पॅकेज कुणी काढत नाही. त्यात गिऱ्हाइकाला घाम गाळावा लागतो.