टेबलाखालचं संशोधन

भ्रष्टाचार, कायदा आणि समाज या त्रिकुटावर विद्यापीठांनी मिळून संशोधन करावं, अशी टूम निघाली आहे. उत्तम! विद्वानांनी फक्त आमच्या वाशिमला यावं. हा जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, सवयी मात्र वाटणीत पुरेपूर आल्या. रिसोड असो की मानोरा, फेरफारासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी असलं सहकार्य कधीपासून करतो आहे: अर्ज त्याचा, ओळख दलालाची, निष्कर्ष साहेबांचा. शोधनिबंध तेवढा निघत नाही, कारण पावती मिळत नाही.

कायदा तर अभ्यासण्याजोगाच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करायची, मग सुटका. उलट साहेबांनी घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची, तर कलम १७अ प्रमाणे आधी वरिष्ठांची परवानगी हवी, आणि ती द्यायला मुदत तीन महिने, वर आणखी एक महिना. (रंगेहाथ सापडले तर गोष्ट वेगळी, पण तेवढे अडाणी साहेब आता राहिलेत कुठे?) धाडस गोळा करायला शेतकऱ्याला आठवडा, सही करायला सरकारला चार महिने!

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक मात्र निःशुल्क आहे.