सुट्टीला आलेला सायंटिस्ट

कांद्याच्या गावात माणसाची किंमत दोन प्रश्नांत ठरते: माल किती आणि भाव काय लागला? लासलगावचा सायंटिस्ट दोन्हींत नापास. त्याचा माल नखाएवढा, काळा, चकचकीत. आणि त्याचा लिलाव कुठल्याच बाजार समितीत होत नाही.

हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करतो आणि सणासुदीला एसटीने घरी येतो. कितवं वर्ष, हे विचारू नये. निदान आईसमोर तरी नाही. त्याचं पीक म्हणजे क्रोमियम ट्रायआयोडाइडचे स्फटिक. क्रोमियम आणि आयोडीन क्वार्ट्‌झच्या नळीत घालायचं, हवा काढून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि नळी भट्टीत आडवी ठेवायची. एक टोक साडेसहाशे अंशांच्या आसपास, दुसरं जरा कमी. गरम टोकाची वाफ थंड टोकाला जाऊन पापुद्रे धरते. त्याला लागतात कित्येक दिवस, आणि तोवर भट्टीला हात लावायचा नाही. वीज गेली की पीक बिघडलं. एवढं ऐकल्यावर त्याचे आप्पा पहिल्यांदाच कळवळले: "म्हणजे लोडशेडिंगनं तुलाबी सोडलं नाही!"

तशी लक्षणं लहानपणापासूनच होती. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र गावात 2002 पासून आहे. तिथे कोबाल्ट-60च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखतात. शाळेची सहल गेली तेव्हा बाकीची पोरं कांदे बघत होती. हा विचारत होता, कोबाल्ट चुंबकाला चिकटतो का? (चिकटतो.) घरच्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आता सत्यनारायणाला हा प्रसादाची खडीसाखर तोंडात टाकण्याआधी उजेडात धरून तिच्या कडा तपासतो. भटजी थांबतात.

चिकटपट्टी दिसली की मग तर विचारूच नका. स्फटिकावर पट्टी लावायची, ओढायची, पुन्हा लावायची. असं सोलत सोलत एका थरापर्यंत पोचायचं. मँचेस्टरला 2004 साली ग्राफीन असंच सोललं आणि 2010 साली ते सोलणाऱ्या दोघांना नोबेल मिळालं, हे तो स्टेशनरीवाल्याला दर खेपेला सांगतो. तोही दर खेपेला विचारतो, "एक इंची देऊ का दोन इंची?"

"कांदा सोलल्यावानीच की!" असं कुणी म्हटलं की मात्र हा भडकतो. मग खरं काय ते सांगायला बसतो, आणि ते झकास सांगतो. सिएटलच्या आणि एमआयटीच्या संशोधकांनी 2017 साली दाखवून दिलं की या स्फटिकाचा एकच थर उरला तरी तो चुंबक राहतो. थरातले सगळे क्रोमियमचे अणू एका दिशेला तोंड करून असतात. दुसरा थर असला की तो बरोब्बर उलटीकडे तोंड करतो, आणि बेरीज शून्य. तिसरा असला की पारडं पुन्हा एकीकडे झुकतं.

"भावकी आहे ही," आप्पा म्हणाले. "दोघांत बांधाचा दावा, तिसरा साक्षीला."

याहून चांगलं स्पष्टीकरण त्याच्या गाईडलाही जमलेलं नाही, असं माझं मत आहे.

एवढं सगळं करून गावाला दाखवायला हातात काही नाही. दमट हवेत हा स्फटिक पाणी धरून विरघळतो. म्हणून तो कोरड्या वायूच्या बंद पेटीत, रबरी हातमोजे घालून हाताळायचा. चाळीत कांदा सडताना पाहिलेल्या आईला हे दुःख लगेच कळतं. बाकीच्यांना तो मोबाइलवर फोटो दाखवतो. फोटोत काळा ठिपका असतो.

दिवाळीला तो पुन्हा येणार आहे. मुलीकडच्यांनी जरूर यावं. मुलगा निर्व्यसनी आहे, धीराचा आहे. फक्त "चुंबक दाखवा" म्हणू नये. तो स्फटिक उणे 212 अंशांखाली गेल्याशिवाय चुंबक होत नाही, आणि तेवढी थंडी निफाडलासुद्धा पडत नाही.