टॅब, नग वीस

शाळेत टॅब आला की त्याची पहिली नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. खुर्च्या, पितळी घंटा, पृथ्वीचा गोल आणि खाली टॅब, नग वीस. तिथे त्याचं शैक्षणिक आयुष्य संपून सरकारी आयुष्य सुरू होतं. नग फुटला तर वसुली कोणाच्या पगारातून, ही मुख्याध्यापकांना धास्ती. कपाटात राहिला तर कोणी काही विचारत नाही. मग कोणता शहाणा माणूस तो दुसरीतल्या पोरांच्या हाती देईल?

टॅब बाहेर निघतो तो साहेबांच्या भेटीला. आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन येतो आणि शाळेतल्या एकमेव जिवंत सॉकेटपुढे वीस टॅबची रांग लागते. मुलांना सूचना एवढीच: बोट ठेवायचं, फोटो निघेपर्यंत उचलायचं नाही. फोटो ग्रुपवर पडला, अंगठे आले, की आनंददायी शिक्षण झालं.

परंपराही थोर आहे. 2011 साली तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' आणला, जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून, 35 डॉलरच्या गाजावाजासह. त्याच्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून भागत नसे, चांगलं दाबावं लागे. विद्यार्थ्यांच्या अंगी चिकाटी बाणवण्याचा तो बहुधा सर्वांत थेट प्रयत्न होता. पुढे हे आकाश कोणावरही न कोसळता नाहीसं झालं. 2016 मध्ये गुरुजींनी मुलांसोबत सेल्फी काढून शासनाच्या 'सरल' पोर्टलवर चढवावी, असा आदेश निघाला. ओरड झाली आणि तो बारगळला. 2017 मध्ये 'दीक्षा' हे डिजिटल धड्यांचं पोर्टल आलं, मग बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की धडा उघडतो. रेंज मात्र शाळेमागच्या टेकाडावर. त्यामुळे मराठीची कविता आणि भूगोलाची क्षेत्रभेट एकाच तासात उरकते.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी असेच क्यूआर कोड खरोखर शिकवण्यासाठी वापरले आणि 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. अशा माणसांमुळे आमच्यासारख्या सदरलेखकांची मोठी पंचाईत होते.

बाकी ठिकाणी सगळं सुरळीत आहे. परवाच एका शाळेत साहेबांनी विचारलं, "टॅबचा वापर होतो ना?"

"रोज होतो, साहेब," गुरुजी मान वर न करता म्हणाले. "हजेरी भरतो, पोषण आहार भरतो, आधार जुळवतो, प्रशिक्षणाची लिंक उघडून ठेवतो. आता मागच्या महिन्याची माहिती पुन्हा मागवलीय, तीच भरतोय."

"आणि वर्गावर कोण आहे?"

"चौथीतली एक हुशार पोरगी आहे, साहेब. खडू दिलाय तिला."