आधी मान, मग धन

घरोघरी आरोग्याचे काम करणाऱ्या आशा ताईंना पगार नसतो, मानधन असते, याबद्दल शासनाचे जाहीर अभिनंदन करायला हवे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हाच ठरले, की हजार लोकवस्तीमागे एक बाई पुरे. आणि तीही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका. काय सोयीचा शब्द! कर्मचारी म्हटले की मागोमाग रजा येते, भविष्य निर्वाह निधी येतो, पेन्शन येते. स्वयंसेविका म्हटले की नुसती बाई येते. रात्री दोन वाजता, कळा सुरू झालेल्या सुनेचा हात धरून, मांडीवर रजिस्टर ठेवून.

तरी या ताई आझाद मैदानावर जाऊन किमान वेतन मागतात. अहो, 2022 मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तो दाखवूनही वाणी गोडेतेल उधार देत नसेल, तर दोष वाण्याचा.

आमची नम्र सूचना अशी, की इतके उदात्त तत्त्व गरीब बायकांपुरते ठेवू नये. सचिवांनाही आशा ताईंसारखाच कामावर आधारित मोबदला द्यावा: निकाली फायलीमागे ठरावीक रक्कम, ‘पुढील चर्चेसाठी’ परत गेली तर शून्य. आमदार तर स्वतःला जनसेवक म्हणवतातच. सभात्यागाचे पैसे कापावेत.

प्रस्ताव तयार आहे. घरोघरी जाऊन त्यावर सह्या तेवढ्या घ्यायच्या आहेत. माणसे कमी पडत असल्याने ते काम आशा ताईंकडे सोपवले आहे. मोबदला अजून ठरलेला नाही.