अपडेटवाले भाऊ

नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला फॉरमॅट पंथ, आणि संख्येनं तोच मोठा. प्रिंटर चालत नाही? फॉरमॅट मारा. आवाज येत नाही? फॉरमॅट मारा. माउसची वायर उंदरानं कुरतडलेली असली तरी हा माणूस आधी फॉरमॅट मारतो आणि मग टेबलाखाली वाकून पाहतो. तीन तासांनी स्क्रीन कोरी करकरीत होते, पोरीच्या लग्नाचे फोटो गेलेले असतात, आणि तो निष्पाप चेहऱ्यानं विचारतो, "बॅकअप नव्हता का जी?"

दुसऱ्या पंथाचा माणूस एका ले-आउटला एखादाच असतो. त्याला सगळे अपडेटवाले भाऊ म्हणतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, स्कूटरच्या डिकीत दोन-चार पेनड्राइव्ह, एक पेचकस आणि एक लांबडं रजिस्टर. दुकान नाही. पूर्वी बर्डीवर एका दुकानात नोकरी होती. फॉरमॅटच्या प्रश्नावर मालकाशी तात्त्विक मतभेद झाले आणि सुटली. भाऊंची श्रद्धा एकाच गोष्टीवर आहे: "जगात पहिल्यांदा बिघडलं असं काही नसतेच जी. तुमच्या आधी कोणाचं ना कोणाचं बिघडलेलंच असते. त्यानं काय केलं, तेवढं पाहाचं."

त्यामुळे भाऊ कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एररचा नंबर विचारतात. इथेच अर्धी गिऱ्हाइकं गारद होतात. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं," असं काकाजी सांगतात तेव्हा भाऊंच्या चेहऱ्यावर जी वेदना दिसते ती पाहण्यासारखी असते. पुरावा नष्ट झालेल्या ठाणेदाराची असावी तशी.

भाऊंचा खरा कामाचा दिवस बुधवार. मायक्रोसॉफ्ट आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून नागपूरचे कॉम्प्युटर बिघडतात ते बुधवारी. त्या सकाळी भाऊ तर्री पोह्यांच्या ठेल्यावर एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभे असतात आणि कंपनीनं स्वतःच कबूल केलेल्या दोषांची यादी वाचत असतात. कोणता दोष तपासात आहे, कशावर तात्पुरता उपाय सापडला, कोणता मिटला. आठवडाभर मात्र ते कोणाला काही लावू देत नाहीत. "आधी अमेरिकेत लावू द्या. त्यांचं बिघडलं की आपल्याले कळते."

पण हेच भाऊ अपडेट कायमचं बंद करून ठेवणाऱ्यावर भयंकर चिडतात. त्याला कारण आहे. २००३ साली ते धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत बसायचे. त्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला. विंडोज एक्सपीच्या पडद्यावर खिडकी उघडायची, साठ सेकंदांत मशीन बंद होणार म्हणून आकडे उलटे पळायला लागायचे. उपाय अस्तित्वात होता; कंपनीनं तो १६ जुलैलाच काढला होता आणि किडा सुटला ११ ऑगस्टला. कोणी लावलाच नव्हता. आता लावावा, तर डायलअपवर तो उतरण्याआधीच साठ सेकंद संपायचे. काळ्या खिडकीत 'शटडाउन', मग एक आडवी रेघ आणि 'ए' एवढं टाइप केलं की मोजणी थांबते, ही विद्या भाऊंना कुठूनशी कळली. त्या महिन्यात त्यांनी शहरभर फिरून त्या चार-दोन अक्षरांवर जी इज्जत कमावली तिच्यावर ते आजही थोडेफार जगत आहेत.

भाऊंच्या कारकिर्दीचा कळस मात्र प्रिंटरवर चढला. २०२१च्या जुलैत विंडोजच्या छपाई यंत्रणेतलं भगदाड 'प्रिंटनाइटमेअर' नावानं गाजलं होतं. मग प्रिंटरच्या दारांना कड्या बसवणं सुरू झालं आणि १४ सप्टेंबरच्या अपडेटनं एक कडी इतकी घट्ट बसली की ऑफिसात एका मशीनला जोडलेला प्रिंटर बाकीच्यांना ओळखच दाखवेना. शेवटी 'अकरा बी' असलेला एररचा नंबर तेवढा यायचा. आता त्या वर्षी १४ सप्टेंबरला आपल्याकडे महालक्ष्म्यांचं विसर्जन. पुरणपोळी आणि आंबील जिरवत लोक बुधवार-गुरुवारी ऑफिसात आले, तो सीएंचे, वकिलांचे, झेरॉक्सवाल्यांचे, सगळ्यांचेच प्रिंटर मुके. फॉरमॅट पंथानं रीतसर फॉरमॅट मारले. नवं कोरं विंडोज चढलं, त्यानं इमानेइतबारे तेच अपडेट पुन्हा उतरवून घेतलं, आणि अकरा बी परत हजर.

भाऊ शांत होते. ज्या मशीनला प्रिंटर जोडलेला, तिथलं ते एक अपडेट काढायचं, नाहीतर रजिस्ट्रीत एक नोंद करून तिच्यापुढे शून्य मांडायचं, आणि स्पूलर बंद करून पुन्हा चालू करायचा. अपडेट काढायचं बटण दाबताना भाऊ पुटपुटतात, "घेऊन जा गे मारबत!" तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीतून रोगराई जशी वाजतगाजत शहराबाहेर निघते, तशीच त्यांच्या लेखी अपडेटचीही पाठवणी असते. पण ते शून्य मांडणं म्हणजे बसवलेली कडी पुन्हा काढून ठेवणं, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कोणाकडे कोणतं दार उघडं ठेवलंय त्याची तारीखवार नोंद त्या लांबड्या रजिस्टरात झाली, आणि पुढे प्रत्येक दार लावायला ते न बोलावता गेले. बहुतेकांनी दारातच विचारलं, "आता कायले आले भाऊ? चालून तर राहिलं ना बरोबर!"

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, विमानं अडली, हैदराबादला तर हातानं लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला. आमच्या ले-आउटमध्ये काहीच झालं नाही, कारण ते महागडं संरक्षण घेण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. भाऊ मात्र दिवसभर खुशीत होते. इलाज एवढाच होता की सेफ मोडमध्ये शिरून एका जातीची फाइल पुसायची, आणि तीही बहुतेक ठिकाणी एकेका मशीनपुढे बसून. "पाहा," ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या कंपन्या, पण शेवटी आपल्यासारखंच करून राहिले."

सध्या भाऊंचा घसा बसला आहे तो विंडोज टेनमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्याच्या नेहमीच्या फुकट दुरुस्त्या थांबल्या. घरच्या वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव मुदत मिळते, हे भाऊ दारोदार सांगून राहिले आहेत. लोक ऐकत नाहीत. जुनी मशीन विंडोज इलेव्हनला चालत नाही आणि नवी घ्यायची नाही. एका काकाजींनी तर उलट त्यांनाच दाखला दिला, की एक्सपीचा आधार २०१४मध्ये संपूनही २०१७ला वॉनाक्राय नावाचा किडा आल्यावर कंपनीनं पॅच दिलाच होता ना? दिला होता, भाऊंनी मान्य केलं. पण लोकांच्या फाइलींना कुलपं लागायला लागल्यावर दिला होता.

भाऊंच्या धंद्याची गोम अशी की त्यात दाखवायला काही नसतं. फॉरमॅटवाला तीन तास पट्टी सरकताना दाखवतो आणि पाचशे रुपये घेतो. भाऊ रात्री जागून उत्तर शोधतात, सकाळी येऊन एक शून्य मांडतात, आणि "पाच मिनिटांचं तर काम होतं" म्हणून लोक त्यांना चिवडा खायला घालतात. पैशाचं विचारलं तर "द्या ना जी, तुमच्या मनानं" म्हणायची त्यांची वाईट सवय आहे आणि नागपूरकरांचं मन अशा वेळी फार काटकसरी होतं.

तेव्हा यापुढे एरर आला तर ओके दाबण्याआधी मोबाइलनं त्याचा फोटो काढा. "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" हे वाक्य भाऊंना ऐकवू नका. आणि ते निघताना किती झाले म्हणून विचारू नका. फॉरमॅटवाल्याला देता तेवढे त्यांच्या हातात ठेवा. चिवडा वेगळा द्या.